पुस्तक कानावर घालताना

दसरा-दिवाळी उलटली की मानवतच्या मोंढ्याकडे कापसाच्या वाहनांची रांग लागते. पूर्वी बैलगाड्या असायच्या, आता ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि टेम्पो. हर्रासी सुरू व्हायला वेळ असतो, काट्यावर नंबर लागायला त्याहून जास्त. अशा वेळी माणूस तंबाखू मळतो, शेजारच्याला ‘काय भाव निघायला?’ म्हणून विचारतो आणि मोबाइलवर काहीतरी लावून ठेवतो. त्या ‘काहीतरी’त अजूनही कुठे कुठे परभणी आकाशवाणी असते. बाजारभाव, हवामान, कृषी विद्यापीठाचा सल्ला, मग एखादं गाणं. आणि समजा, गाणं संपल्यावर एक आवाज म्हणाला, ‘आज एका पुस्तकाबद्दल बोलू.’

पुढची दहा मिनिटं त्या आवाजाची कसोटी असते. ऐकणाऱ्याचा एक डोळा रांगेवर आहे, हातात पेन नाही. पुस्तकाचं नाव आलं आणि नेमका त्याच क्षणी मागच्या ट्रॉलीवाल्यानं हॉर्न दिला. नाव गेलं. छापलेलं परीक्षण वाचताना डोळा मागे फिरतो, निसटलेली ओळ पुन्हा वाचतो. कानाला मागचं पान नसतं.

रेडिओवरून पुस्तक सुचवायचं ते या अडचणीत राहून. पुस्तक चांगलं आहे हे सांगणं त्यातलं सोपं काम. ते ऐकणाऱ्याच्या ध्यानात राहील कसं, आणि ध्यानात राहिलं तरी त्याच्या हातात पडेल कुठून, ही दोन अवघड कामं. दोन्हींची उत्तरं स्टुडिओइतकीच गावातही शोधावी लागतात.

काळ्या रानावरून येणारी लाट

परभणीचं आकाशवाणी केंद्र १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं. मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झ ही त्याची ओळख. म्हणजे सेकंदाला तेरा लाख पाच हजार आंदोलनं आणि लाटेची लांबी सुमारे २३० मीटर. जुन्या सेटच्या काचेवर किलोहर्ट्झच्या जोडीला मीटरचेही आकडे असत, आणि काटा अमुक मीटरवर आणला की आपलं स्टेशन लागतं हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असे.

मध्यम लहरींचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. दिवसा ही लाट जमिनीला धरून पसरते. जमीन ओलसर आणि वीज वाहून नेणारी असली, तर ती दूरवर टिकते. कापसाची काळी माती या कामाला बरी. परभणीहून तीसेक किलोमीटरवर असलेलं मानवत तर या लाटेच्या दृष्टीनं अंगणातलंच. रात्री चित्र पालटतं. आकाशातल्या विद्युतभारित थरांवरून लांबलांबच्या केंद्रांच्या लाटा परावर्तित होऊन येतात, एकमेकींत मिसळतात, आवाज चढतो-उतरतो, खरखर वाढते. एफएमचं गणित निराळं. ती लाट जवळपास सरळ रेषेत जाते. आवाज काचेसारखा स्वच्छ, पण पल्ला मनोऱ्याच्या उंचीनं ठरलेला.

हे सगळं पुस्तकाच्या लेखात कशासाठी? कारण खरखरीत शब्दांचे कडेकोपरे झिजतात. आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नाव सुरेख, पण तीन अक्षरी, आणि रेडिओवर त्याचं ‘आलेख’ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून जाणता निवेदक म्हणतो, ‘आलोक. आलोक म्हणजे उजेड.’ आता नाव गेलं तरी उजेड राहतो. रेडिओवर पुस्तकाचं नाव निदान तीनदा घ्यावं: सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. लेखकाचं दोनदा. लेखी मजकुरात ही पुनरुक्ती खटकली असती. कानाला मात्र ती अंधारात धरायच्या दोरीसारखी उपयोगी पडते.

पोथी लागायची तेव्हा

पुस्तक कानानं घेण्याची सवय आपल्याला रेडिओनं लावलेली नाही. चातुर्मासात गावागावांत पोथी लागते. श्रीधर कवीची ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ ही ओवीबद्ध पुस्तकं अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून घरांत आणि देवळांत वाचली जात आली आहेत. त्या बैठकीची मांडणी पाहण्यासारखी असते. एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांना अक्षरओळख नसायची, तरी पोथीतला प्रसंग न प्रसंग त्यांना तोंडपाठ असे.

या बैठकीतला खरा कसबी माणूस म्हणजे अर्थ सांगणारा. समोर कोण बसलं आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. वनवासातल्या उपासमारीचा प्रसंग आला की तो गावानं सोसलेल्या दुष्काळावर येतो, तिथून पुन्हा पांडवांकडे वळतो. पुस्तक आणि गाव यांच्यामध्ये तो येरझाऱ्या घालतो. आणि समोरून त्याला सतत काहीतरी मिळत असतं: एखादा ‘हां’, मान हलणं, एखाद्या म्हातारीचा उसासा. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो, हे आजीकडून गोष्ट ऐकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. हुंकार थांबला की आजी विचारायची, ‘झोपलास का रे?’

रेडिओवर पुस्तक सांगणाऱ्यानं या माणसाचं कसब घ्यावं. फक्त एक गोष्ट त्याच्याजवळ नसते. बंद खोलीत, लाल दिव्याखाली बोलताना हुंकार येत नाही. तो कसा मिळवायचा, या प्रश्नावर जगभरच्या रेडिओवाल्यांनी डोकं खाजवलं आहे. त्यातली दोन चांगली उत्तरं पुण्यात, मराठीतच सापडली.

पुण्यातल्या दोन वर्षांचा धडा

मराठी लेखक आणि आकाशवाणी यांचं नातं जुनं आहे. बा. सी. मर्ढेकरांची नोकरी आकाशवाणीत होती आणि रेडिओसाठी त्यांनी संगीतिका लिहिल्या. व्यंकटेश माडगूळकरांनी पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचं काम वर्षानुवर्षं केलं. माणदेशच्या धनगरवाडीची ‘बनगरवाडी’ लिहिणारा माणूस शेतकऱ्यांशी रेडिओवरून बोलत होता, म्हणजे लेखणी आणि माइक एकाच हातात होते.

१ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, कल्पना केंद्राचे सीताकांत लाड यांची. वर्षभरात ५६ गीतं झाली. रेडिओला लोक हार घालत, उदबत्ती लावत, हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्या कामाची गोष्ट त्याहून साधी आहे. नवं गीत शुक्रवारी सकाळी लागे आणि तेच शनिवारी व रविवारी पुन्हा लागे, वेळ ठरलेली. शिवाय नव्या गीताचे शब्द दर आठवड्याला पुण्याच्या वृत्तपत्रांत छापून येत. कानावर पडलेलं दोन दिवसांत पुन्हा ऐकायची सोय, आणि निसटलेलं डोळ्यांनी धरायचीही सोय. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ ला भारत सरकारच्या प्रकाशन विभागानं त्याचं पुस्तक काढलं, किंमत दोन रुपये. गाणाऱ्यांची आणि कवीची थोरवी आहेच, पण हे काम घरोघर पोचलं त्यात या साध्या व्यवस्थेचाही वाटा होता.

दुसरा धडा १९५६ चा. त्या वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणी आणि युनेस्को यांनी पुणे केंद्राच्या टापूत एक प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतली १५० गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक जणांचं एक रेडिओ मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, एकूण वीस कार्यक्रम. मंडळानं एकत्र बसून ऐकायचं, संपल्यावर बोलायचं, आणि निमंत्रकानं चर्चेचा वृत्तांत व प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवायचे. त्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून यायची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत पाहुणे प्राध्यापक असलेल्या पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, त्यांच्यापेक्षा मंडळाच्या गावांत माहिती कितीतरी अधिक रुजली होती. लिहिता-वाचता न येणारेही त्यात मागे नव्हते.

या प्रयोगाचा नमुना कॅनडातला. तिथल्या शेतकरी मंडळांचं १९४० च्या दशकातलं घोषवाक्य चार क्रियापदांचं होतं: वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा. त्यात पहिलं क्रियापद ‘वाचा’ आहे, हे विसरायचं नाही. कार्यक्रमाआधी मंडळांकडे छापील पत्रक जात असे.

मानवत त्या वेळी हैदराबाद राज्यात होतं. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आला, म्हणजे प्रयोग संपल्यावर. पण प्रयोगाचं सार आजही इथे चालेल. एकट्यानं ऐकलेलं पुस्तक वाऱ्यावर जातं. पाच जणांनी ऐकलेल्या पुस्तकाचा त्याच रात्री आखाड्यावर विषय निघतो.

दहा मिनिटांची बेरीज

आता प्रत्यक्ष मजकुराकडे येऊ. सावकाश, समजेल असं बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. दहा मिनिटांत हजार-बाराशे. त्यात लेखकाचं चरित्र, पुरस्कारांची यादी, वाङ्मयप्रकाराची चर्चा आणि पुस्तकाचा सारांश असं सगळं कोंबलं की श्रोत्याच्या हाती काहीच उरत नाही. दहा मिनिटांत एक माणूस, एक प्रसंग आणि एक प्रश्न एवढंच मावतं.

उदाहरण ‘बनगरवाडी’चंच घेऊ. बहुतेकांच्या पहिल्या खर्ड्यात असं काहीतरी येतं: ‘१९५५ साली प्रकाशित झालेली प्रस्तुत कादंबरी मराठी ग्रामीण साहित्यातील महत्त्वाची कलाकृती मानली जाते. माणदेशातील मेंढपाळ समाजजीवनाचे वास्तवदर्शी चित्रण हे तिचे वैशिष्ट्य होय.’ यातलं काहीही खोटं नाही. पण ‘प्रस्तुत’ म्हणताच श्रोता शाळेच्या बाकावर जाऊन बसतो आणि ‘वास्तवदर्शी’पर्यंत त्याचा हात पुढच्या स्टेशनकडे वळतो.

तेच असं सांगून पाहा: ‘एक पोरसवदा मास्तर. नवी नोकरी. चालत चालत तो एका वाडीवर पोचतो. वाडी धनगरांची. शाळा आहे, पण शाळेत पोरं नाहीत. पोरं मेंढरांमागं रानात गेलीत. सांगा, आता या मास्तरानं काय करावं?’ बोलायला अर्धा मिनिटही लागत नाही. वाक्यं तोकडी आहेत, प्रत्येकात एकच गोष्ट आहे. श्रोत्याला मास्तर दिसला, मोकळी शाळा दिसली आणि एक प्रश्न त्याच्या गळ्यात पडला. सालाचा उल्लेख यानंतर करता येतो, तोही ‘पुस्तकाला आता सत्तर वर्षं झाली’ अशा बोलीत. चार आकडी साल कानातून घसरतं, ‘आजोबांच्या तरुणपणी’ राहतं. वाडीवर पुढे काय काय घडतं याची चुणूक द्यावी, शेवट मात्र लेखकाकडेच ठेवावा.

आणखी एक गोष्ट, पुस्तक कुणासाठी ते सांगण्याची. ‘सर्वांनी अवश्य वाचावे’ ही शिफारस कुणालाच लागू पडत नाही. ‘घरात दहावीचं पोर असेल तर त्याच्यासोबत वाचा’, ‘ज्यांनी शेजाऱ्याशी धुऱ्यावरून भांडण केलंय त्यांनी जरूर वाचा’, असं म्हटलं की रांगेतल्या दोघा-तिघांचे कान टवकारतात. पुस्तकाची उणीव असेल तर तीही सांगावी. ‘पहिली वीस पानं जरा जड जातील, पण धीर धरा’, हे वाक्य पंधरा विशेषणांपेक्षा जास्त विश्वास कमावतं, कारण असं दोष सांगून माल देणारा व्यापारी मोंढ्यातही लक्षात राहतो.

भाषेचंही तसंच. मजकूर प्रमाण मराठीत असायला हरकत नाही, पण धुरा, आखाडा, सालगडी हे शब्द इथल्या रानातले आहेत. ते बोलताना येऊ द्यावेत. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही १९७१ ची कादंबरी मराठवाड्यातल्या खेड्यात घडते. शिंप्याच्या घराची पडझड त्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्याच बोलीत आपल्याला कळते. अशा पुस्तकाची ओळख पुस्तकी मराठीत करणं म्हणजे भाकरीचं वर्णन काट्या-चमच्यानं करण्यासारखं आहे. तिथे निवेदकानं बाजूला व्हावं आणि एखादा उतारा एखाद्या बाईच्या आवाजात ऐकवावा.

उतारा ऐकवताना कायद्याचं भान लागतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं समीक्षा किंवा परीक्षण करताना रास्त प्रमाणात उतारा घेण्याची मुभा दिली आहे. पण अख्खं प्रकरण किंवा पुस्तक क्रमशः वाचायचं, तर हक्कधारकाची लेखी परवानगी हवी. आपल्याकडे हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं राहतो, मग पुस्तक सर्वांचं होतं. हे गणित रेडिओवाल्याच्या खिशात असावं, कारण त्यातून दोन मोठी कपाटं उघडतात.

दोन उघडी कपाटं आणि शेजारचे लेखक

पहिलं कपाट साने गुरुजींचं. ते १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन मुक्त आहे. ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत बहुतांशी लिहून झालं. या पुस्तकाला प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना आईची एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. म्हणजे मुळातच हे ऐकायचं पुस्तक. रोज एक रात्र वाचली तर दीड महिन्याची मालिका तयार आहे. बीबीसीनं १९४९ मध्ये निजायच्या वेळी पुस्तक वाचून दाखवण्याचा कार्यक्रम सुरू केला, तो रोज पंधरा मिनिटांचा. आपल्या श्यामचा बेतही साधारण तोच होता, आणि तो त्याआधीचा.

दुसरं कपाट घराजवळचं. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावर मानवत रोडहून मनमाडच्या दिशेला निघालं की सेलू लागतं, आणि सेलूनंतर सातोना. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, यांचा जन्म १९१३ साली या सातोन्याचा. निजामाच्या राज्यात बांधकाम खात्यात नोकरी करत त्यांनी कविता, कथा आणि कादंबऱ्या लिहिल्या. उर्दूचा दरबारी दबदबा असलेल्या मुलखात राहून ते मराठी लिहीत होते. ‘म्हणे लढाई संपली’, ‘आडगावचे चौधरी’ ही त्यांच्या कादंबऱ्यांची नावंच ऐकणाऱ्याला थांबवतात. १९५३ साली, वयाच्या चाळिशीत ते गेले. २०१४ पासून त्यांचंही लेखन मुक्त झालं आहे. परभणीत त्यांच्या स्मृतीचे कार्यक्रम होतात, सभागृहाला त्यांचं नाव आहे. पण सभागृहाच्या नावापेक्षा पुस्तकातलं एक पान रेडिओवर वाचलं गेलं तर लेखक जास्त जवळ येतो. मानवत रोडच्या फलाटावर उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोराला, आपण ज्या गाडीची वाट पाहतोय तिच्याच मार्गावर या लेखकाचं गाव आहे, हे कळायला हवं.

शेजार इथेच संपत नाही. लोमटे परभणीत पत्रकारिता करत कथा लिहीत आले. इंद्रजित भालेराव यांचा ‘पीकपाणी’ हा कवितासंग्रह १९८९ चा, त्यातली माणसं आणि पिकं इथलीच. गोदावरीकाठचं गंगाखेड याच जिल्ह्यातलं, तिथली जनाबाई तर जात्यावर बसणाऱ्या बायांनी सातशे वर्षं तोंडी जपली. पुस्तकाची शिफारस करताना नेहमी लांबून सुरुवात करायची गरज नसते. १९९५ साली परभणीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, नारायण सुर्वे अध्यक्ष होते. मांडव तीन दिवसांत उठतो. रेडिओचा मांडव दर आठवड्याला त्याच वेळी घालता येतो.

कपाटाची किल्ली कुणाकडे?

आता सगळ्यात दुर्लक्षित कडी. श्रोत्याच्या मनात पुस्तक भरलं. पुढे काय? तालुक्याच्या गावात पुस्तकांचं दुकान म्हणजे बहुधा वह्या, गाईड आणि दिनदर्शिका. ऑनलाइन मागवणं तरुणांना जमतं, सगळ्यांना नाही. मग उरतं ते वाचनालय.

हैदराबाद राज्यात १९५५ सालीच ग्रंथालयांचा कायदा झाला होता. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळतं. ‘ड’ वर्गाचं खेड्यातलं वाचनालय म्हणजे अनेकदा एक खोली, दोन-तीन कपाटं, वर्तमानपत्रांचं टेबल आणि तुटपुंज्या मानधनावर काम करणारा ग्रंथपाल. त्याच्या कपाटात नेमकं रेडिओवर सांगितलेलं पुस्तक असेलच असं नाही. श्रोता आला, ‘नाही’ ऐकून परत गेला, की त्या दहा मिनिटांवर पाणी पडतं. पुढच्या वेळी तो येत नाही.

यावर उपाय फारसा खर्चाचा नाही. तीन महिन्यांत कोणती बारा पुस्तकं सांगायची याची यादी आधी ठरवावी आणि वाचनालयांना, शाळांना कळवावी. म्हणजे अनुदानातून पुस्तकं घेताना ग्रंथपाल तीच आधी घेईल, असलेली शोधून पुढच्या फळीवर मांडेल. कार्यक्रमाच्या शेवटी ‘हे पुस्तक तुमच्या वाचनालयात मागा’ हे वाक्य तेव्हाच खरं ठरतं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेत पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे फिरतात. अशी एक पेटी गावच्या श्रोता मंडळाकडे असली, तर १९५६ चं रेडिओ मंडळ पुस्तकांसाठी पुन्हा उभं राहील.

अमेरिकेत ओप्रा विन्फ्रे यांनी १९९६ मध्ये दूरचित्रवाणीवर पुस्तक मंडळ सुरू केलं. त्यांनी पुस्तकं लाखांनी खपवली हे खरं, पण त्यांची शिस्त जास्त घेण्यासारखी आहे. आज पुस्तकाचं नाव जाहीर करायचं, चर्चा काही आठवड्यांनी. मधला काळ वाचकाला मिळवून वाचण्यासाठी. मानवतच्या हिशोबात हा मधला काळ कापसाच्या वेचणीनुसार, परीक्षांनुसार आणि लग्नसराईनुसार ठरवावा लागेल. वेचणीच्या ऐन दिवसांत जाड कादंबरी सांगू नये. तेव्हा एका बैठकीत संपणारी कथा सांगावी. जाड पुस्तक उन्हाळ्यात, रानं मोकळी झाल्यावर.

उद्या गावाचाच रेडिओ असेल तर ही सगळी गुंफण आणखी सोपी होईल. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये सांगितलं. २००२ च्या धोरणानं शिक्षणसंस्थांना आणि २००६ नंतर स्वयंसेवी संस्था, कृषी विज्ञान केंद्रं यांनाही सामुदायिक रेडिओची दारं उघडली. ट्रान्समीटरची प्रभावी शक्ती शंभर वॉटची, पल्ला सपाट मुलखात काही किलोमीटरचा, म्हणजे एक तालुक्याचं गाव आणि भोवतालची खेडी. ज्या माणदेशावर ‘बनगरवाडी’ लिहिली गेली, तिथल्याच म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ चालते. आणि कधीकाळी मानवतसारखंच निजामाच्या राज्यात असलेल्या, आता तेलंगणातल्या माचनूरमध्ये दलित शेतकरी बायांनी २००८ पासून ‘संघम रेडिओ’ चालवला आहे. बोलणारी ओळखीची, ऐकणारी शेजारची.

तोवर परभणीचा आवाज आहेच, आणि आकाशवाणीच्या ॲपमुळे आता शिकायला लांबच्या शहरात गेलेला पोरगाही आपल्या भागातलं केंद्र ऐकू शकतो. पत्र लिहायला पोस्टकार्ड आहे, मोबाइल आहे. फक्त प्रश्न असा विचारावा, की ज्याचं उत्तर पुस्तक वाचलेल्यालाच देता येईल. ‘कार्यक्रम कसा वाटला?’ याला ‘छान’ एवढंच उत्तर येतं. ‘वाडीचा कारभारी तुम्हाला कसा माणूस वाटला?’ याला येणारं उत्तर मात्र वाचून आलेलं असतं.

रांगेतला तो शेतकरी आठवतो ना? त्याचा कापूस कधीचाच काट्यावरून उतरला. चार दिवसांनी बँकेच्या कामाला तो पुन्हा गावात येतो, वाटेत वाचनालयाची पाटी दिसते आणि दारात घुटमळतो. पुस्तकाचं नाव हॉर्नमध्ये गेलेलं. लेखकाचंही आठवत नाही. तो एवढंच विचारतो, ‘ते रेडिओवर सांगितलेलं, मास्तराचं आन् मेंढरांचं पुस्तक हाय का?’ यादी आधीच आलेली असेल तर ग्रंथपालाला शोधावं लागत नाही. तो पुढच्या फळीवरून ‘बनगरवाडी’ काढतो, देवघेवीचं रजिस्टर उघडतो आणि नाव विचारतो.